विश्लेषण : नदीकाठी सापडलेले हाड कोणाचे आणि किती जुने?

पावसाळा ओसरला की मोहने-आंबिवली पट्ट्यात उल्हास नदीचा काठ उघडा पडतो. गाळात एखादे हाड दिसले की तर्क सुरू होतात: माणसाचे असेल, नाहीतर थेट डायनोसॉरचे! बहुतेक वेळा ते गाय, म्हैस किंवा शेळीचे निघते. पण ओळखायचे कसे?

जबडा मिळाला तर काम सोपे

गाय, म्हैस, शेळी यांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच; घोड्याला असतात. डुकराच्या दाढांवर बोथट उंचवटे असतात, तर कुत्रा किंवा बिबट्याच्या दाढा मांस कापणाऱ्या, कात्रीसारख्या. पायाचे हाड असेल तर खुराच्या वरचे लांब हाड पाहावे. गाय-शेळीत ते दोन हाडे जुळून बनते, म्हणून त्यावर उभी खाच आणि खालच्या टोकाला दोन गोलवे दिसतात. घोड्यात हे टोक एकसंध असते. शेळी की मेंढी, हे मात्र अभ्यासकांनाही अनेकदा सांगता येत नाही. उत्खननाच्या अहवालांत सरळ ‘शेळी/मेंढी’ असे लिहितात.

रंगावरून वय कळते?

नाही. हाड मातीचा रंग घेते. काळपट हाड दोन वर्षांचेही असू शकते. उघड्यावरचे हाड आधी तडकते, मग त्याचे पापुद्रे सुटतात. केनियातील अंबोसेलीत अ‍ॅना बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये या झिजेच्या सहा पायऱ्या मांडल्या. गाडलेले हाड मात्र हजारो वर्षे टिकू शकते. त्यात खनिजे भरली की ते दगडासारखे जड होते. तेच जीवाश्म.

मग डायनोसॉर?

कल्याण परिसराखाली लाव्हारसाचा काळा कातळ आहे. त्यात हाडे टिकण्याची शक्यता फार कमी. महाराष्ट्रात डायनोसॉरचे अवशेष मिळाले ते चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्याला, गाळाच्या खडकात. गोदावरीच्या गाळातून नामशेष हत्तीचे अवशेष मिळाल्याची नोंद भूवैज्ञानिक पिलग्रिम यांनी १९०५ मध्येच केली होती.

जागा हाच पुरावा

पुणे जिल्ह्यातील इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ दरम्यान उत्खनन केले. तिथल्या हाडांवरच्या कापल्याच्या, भाजल्याच्या खुणांवरून सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी काय खात, हे समजले. हाड कोणत्या थरात, कशाशेजारी होते हे ठाऊक असल्यामुळेच ते शक्य झाले. हौसेने उचलून घरी आणलेले हाड या बाबतीत मुके असते.

म्हणून हात न लावता शेजारी पेन किंवा नाणे ठेवून फोटो काढावा आणि मोबाइलवर ठिकाण नोंदवावे. जुन्या जनावरांच्या अवशेषांत काळपुळीचे, म्हणजे अँथ्रॅक्सचे जंतू वर्षानुवर्षे टिकू शकतात, हे आणखी एक कारण. हाड माणसाचे असल्याची शंका आली तर ११२ वर पोलिसांना कळवावे. वन्यप्राण्याचे असेल तर वनविभागाला; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असे अवशेष सरकारी मालमत्ता ठरतात आणि ताब्यात आल्यास ४८ तासांत कळवणे बंधनकारक आहे.