मिंकूकडे कोणी पाहिले?

शनिवारी सायंकाळी तेलाची वाटी आणि रुईच्या पानांची माळ घेऊन मारुतीच्या देवळाकडे निघालेली माणसे शहापुरातील आमच्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसतात. त्यांत आज्यांचे बोट धरून चाललेली मुलेही असतात. समर्थांचे भीमरूपी स्तोत्र ज्या घरांत अर्थ कळण्याआधीच मुखोद्गत होते, त्या घरांत मारुतीवर निघालेला कार्टूनपट ही निव्वळ करमणूक राहत नाही. त्यातला मारुती ‘आपला’ आहे की नाही, याची परीक्षा आधी होते, चित्रपटाची नंतर.

‘हनुमान’ हा व्ही. जी. सामंत यांचा चित्रपट २१ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर प्रदर्शित झाला, तेव्हा ही परीक्षा त्याने सहज पार केली. अंजनीच्या पोटी जन्म, सूर्याकडे घेतलेली झेप, सीतेचा शोध, लंकादहन, सारे कीर्तनात ऐकलेल्या क्रमाने आले होते. हनुमानाला आवाज ‘शक्तिमान’मुळे मुलांच्या परिचयाचा झालेल्या मुकेश खन्ना यांचा होता. आपल्या देशात तयार झालेला संपूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट चित्रपटगृहात गर्दी खेचू शकतो, हे त्याने दाखवून दिले. त्यापाठोपाठ ‘कृष्णा’ आला, ‘बाल गणेश’ आला. त्या काळात तपासायला आलेली निम्मी मुले गालात हवा भरून, खांद्यावर काल्पनिक गदा घेऊनच टेबलावर चढत, आणि घसा पाहण्यासाठी त्यांना ‘आ’ करायला लावणे फार सोपे जाई!

दुसरा भाग, ‘रिटर्न ऑफ हनुमान’, २८ डिसेंबर २००७ रोजी आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरचा, दीर्घकाळ अडकून पडलेला त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रदर्शित झाला होता आणि ऑक्टोबरातील ‘नो स्मोकिंग’ने समीक्षकांना बुचकळ्यात टाकले होते. अशा गृहस्थांनी मुलांसाठी मारुती काढावा, याचेच अनेकांना नवल वाटले. शिवाय हा पहिल्या कथेचा पुढचा भाग नव्हताच. येथे बाल हनुमान स्वर्गात कंटाळला आहे. खाली बजरंगपूर नावाच्या गावात मिंकू नावाच्या मुलाला दांडगी मुले छळतात, हे तो पाहतो, ब्रह्मदेवाकडे हट्ट धरतो, करारपत्रातील अटी मान्य करतो आणि एका पंडिताच्या घरी ‘मारुती’ म्हणून जन्म घेतो. स्वर्गाला कचेरीची कळा आहे, देव आजच्या बोलीत बोलतात आणि शेवटी राहू-केतूही येतात.

प्रतिक्रिया अर्थातच दुभंगल्या. काही समीक्षकांना तो खट्याळ विनोद मनापासून आवडला; पोथीतून बाहेर काढून पुराणातील नायकाला आजच्या गावात आणण्याचे धाडस त्यांनी वाखाणले. इतरांना कथा विस्कळीत वाटली, उत्तरार्धात तर एकाच चित्रपटात दोन-तीन चित्रपट कोंबल्यासारखे झाले, असा त्यांचा आक्षेप. तो मला आजही योग्य वाटतो. आमच्याकडील वडीलधाऱ्यांची तक्रार निराळी होती. देवांची थट्टा कशाला, असे माझ्या वडिलांनी मध्यंतरातच विचारले. मी त्यांना ‘संगीत सौभद्रा’ची आठवण करून दिली. १८८२ साली ते नाटक लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. त्यांचा कृष्ण घरातल्या धाकट्या दिरासारखा डाव रचतो आणि नारद कळ लावतो, म्हणून कोणी प्रेक्षागृह सोडून गेले नाही. दशावतारी खेळांत आणि गण-गौळणीत तर देवाची फिरकी घेतल्याखेरीज रात्र सरत नाही. वडील म्हणाले, “सौभद्रात गाणी होती.” या प्रतिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आम्हा प्रौढांचा वाद असा देवांच्या प्रतिष्ठेभोवती आणि दिग्दर्शकाच्या शैलीभोवती फिरत राहिला. त्याच्या एकच आठवडा आधी, २१ डिसेंबरला, ‘तारे जमीं पर’ आला होता आणि वाचनाक्षमता असलेल्या ईशानविषयी आम्ही डॉक्टर मंडळी जेथे भेटू तेथे बोलत होतो. न ऐकले गेलेले मूल दुसऱ्याही चित्रपटात आहे, हे मात्र माझ्या लक्षात आले नाही. ते माझ्या एका नऊ वर्षांच्या रुग्णाच्या लक्षात आले.

हा मुलगा वडगावातील यंत्रमाग कामगाराचा. दिवाळीनंतर त्याला बेंबीभोवती दुखू लागले. आजी त्याला घेऊन येत. पोट मऊ, वजन ठीक, लघवी व शौचाची तपासणी निर्दोष. मी जंताचे औषध दिले, मग आम्लपित्ताचे, मग पुन्हा जंताचे. जानेवारीच्या अखेरीस आजी वैतागून म्हणाल्या, “डॉक्टर, सोमवार आला की ह्याचं पोट दुखतंय बघा. कायतरी करा की.” सोमवार हा शब्द मी त्यापूर्वीही ऐकला असणार. तो कागदावर मात्र कधी उतरला नव्हता.

समोर दुसरा रुग्ण असल्याने मी मुलाला कागद-पेन्सिल देऊन बाकावर बसवले. त्याच आठवड्यात त्याच्या मामाने त्याला हा चित्रपट दाखवला होता. मारुतीचे चित्र काढले असेल, या समजुतीने मी कागद हाती घेतला. मारुती कोपऱ्यात होता, अंगठ्याएवढा. मध्यभागी हात वर करून उभा असलेला एक मुलगा आणि त्याच्याभोवती चार मोठी मुले होती.

“हा कोण?” मी विचारले.

“मिंकू.”

“आणि मारुती इतका लहान का रे?”

“तो अजून यायचाय.”

आजीला बाहेर बसवून मी दार ओढून घेतले. शाळेच्या मधल्या सुट्टीत डबा हिसकावणे, स्वच्छतागृहात कोंडणे, मळक्या गणवेशावरून चिडवणे, असे सारे दिवाळीनंतर नव्या तुकडीत गेल्यापासून चालले होते. घरी सांगितले तर आणखी मार मिळेल, अशी धमकी होती.

वारंवार होणाऱ्या पोटदुखीविषयी जॉन ॲप्ली आणि नेश यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेली एक हजार शाळकरी मुलांची पाहणी आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेली असते. सुमारे दहा मुलांत एकाला हा त्रास आढळला आणि त्यांतील फारच थोड्यांत शारीरिक कारण सापडले. मीही ती परीक्षेसाठी पाठ केली होती. परंतु ती वेदना खरी असते, मूल ढोंग करीत नसते, आणि ‘काही निघाले नाही’ हे निदान नव्हे, एवढा भाग तीन महिने माझ्या विस्मरणात गेला होता.

आता ॲनिमेशनपटांना वेगळा मान मिळतो. २०२४ साली ‘इनसाइड आउट २’ आला. त्यात तेरा वर्षांची रायली बर्फावरील हॉकीच्या सामन्यात भीतीने गुदमरते. निर्मात्यांनी मानसशास्त्रज्ञांचा सल्ला घेतला होता. पहिल्या भागाची नवलाई दुसऱ्यात नाही, असे काही समीक्षकांनी म्हटले. पण चित्रपट चिंतेविषयी आहे, हे समजण्यात कोणाचीही चूक झाली नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडणारे पालकही तेच बोलत होते. मिंकूच्या वाट्याला असे काही आले नाही. ‘रिटर्न ऑफ हनुमान’वरची जी परीक्षणे मी त्या काळी वाचली, त्यांत मारुती होता, दिग्दर्शक होता, विनोद होता. मिंकूला एखादे वाक्य मिळाले असेल तर तेवढेच.

मुलाच्या वर्गशिक्षिकेशी मी स्वतः बोललो. मुख्याध्यापकांनी प्रथम ‘मुले म्हटली की चालायचेच’ असे उत्तर दिले. शिक्षिकेने मात्र त्याची जागा बदलली, मधल्या सुट्टीत त्याला ग्रंथालयाचे काम दिले आणि त्या चार मुलांच्या घरी निरोप धाडले. पोटदुखी एकदम थांबली नाही. फेब्रुवारीत दोनदा, मार्चमध्ये एकदा आली. वार्षिक परीक्षेनंतर आजी केवळ सर्दीसाठी त्याला घेऊन आल्या. औषधाच्या चिठ्ठ्यांची जुनी फाइल पाहून त्यांनी विचारले, “ह्यातलं कुठलं औषध लागू पडलं म्हणायचं?”

मी म्हटले, “आजी, ह्यातलं कुठलंच नाही.”

त्या हसल्या आणि शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा राहिला आहे, असे म्हणून निघाल्या. चित्र मुलाने परत मागितले नाही. माझ्या टेबलाच्या खणात ते आजही आहे.