‘अ’ समरी : दंगलीचे खटले कुठे अडतात?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधल्या मुंबईच्या दंगलींबद्दल आपल्या घरांतून आजही बोलले जाते. कोण गेले, कुणाचे दुकान जळाले, कोण शहर सोडून गावी परतले, हे सारे नातवंडांनीही ऐकलेले असते. पण दंगलखोरांवरच्या खटल्यांचे काय झाले, असे विचारले की उत्तर मिळते, ‘काहीच नाही’, आणि विषय संपतो. आम्हाला वाटते, तो तिथे संपवू नये. हे ‘काहीच नाही’ आपोआप घडले नाही. ते एकेका कागदावर घडले आणि तो कागद प्रत्येक घराला ओळखता आला पाहिजे.

या दंगलींत ९०० माणसे मेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. ४५ जणांची ओळखच पटली नाही. चौकशीसाठी जानेवारी १९९३ मध्ये न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला आणि त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा नेमला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल सादर झाला. दंगलीला चिथावणी देणाऱ्यांची नावे त्यात आली, तसेच ३१ पोलिसांवर ठपकाही ठेवला गेला.

मात्र चौकशी आयोग कुणालाही तुरुंगात पाठवू शकत नाही आणि त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो. शिक्षेची वाट एकच असते : फिर्याद, तपास, आरोपपत्र, साक्ष, निकाल. मुंबईत ही वाट दुसऱ्याच पायरीवर अडली. नोंदल्या गेलेल्या सव्वादोन हजार गुन्ह्यांपैकी तेराशेहून अधिक गुन्ह्यांत पोलिसांनी ‘अ’ समरी मागितली. ‘अ’ समरीचा अर्थ असा की, गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाहीत. फिर्यादीने हल्लेखोरांची नावे दिलेली असतानाही अशी प्रकरणे बंद झाल्याचे आयोगाने नोंदवले आहे.

जे थोडे खटले उभे राहिले, त्यांची गती कशी होती? शिवसेनेचे माजी खासदार मधुकर सरपोतदार यांना चिथावणीच्या खटल्यात २००८ मध्ये, म्हणजे तब्बल १५ वर्षांनी, एक वर्षाची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी आढावा घेतला, तेव्हा २५३ खटल्यांपैकी ९७ खटले आरोपी हजर होत नाहीत म्हणून निद्रिस्त पडलेले होते.

याच्या शेजारी दुसरा खटला ठेवून पाहावा. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ निरपराधांचे प्राण गेले. त्यासाठी टाडाचे विशेष न्यायालय बसले आणि १०० आरोपी दोषी ठरले. त्या गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी होती, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमचे म्हणणे एवढेच की यंत्रणेने मनावर घेतले तर पुरावाही मिळतो आणि आरोपीही सापडतो.

सर्वांत जड ओझे बेपत्ता माणसांच्या घरांनी वाहिले. अशी १६८ माणसे होती. मयत मिळाली नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून भरपाई नाही, वारसाहक्काचाही निर्णय नाही. २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले की लोकांचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, म्हणून भरपाई हा पीडितांचा हक्क आहे. तोपर्यंत १०८ बेपत्तांच्या वारसांना मदत मिळालेली नव्हती. त्यांचा शोध घेऊन दोन लाख रुपये, २२ जानेवारी १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजासह, देण्याचा आदेश झाला. तीस वर्षांत यातल्या किती आया वाट पाहत निघून गेल्या असतील!

तरीही बंद पडलेला खटला उघडू शकतो. वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १ मार्च २००२ रोजी १४ जण मारले गेले. २००३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सर्व २१ आरोपी सोडले. साक्षीदार भीतीने फिरले होते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये खटला पुन्हा, महाराष्ट्रात चालवायला लावला. २००६ मध्ये मुंबईत ९ जणांना जन्मठेप झाली. पुढे उच्च न्यायालयाने त्यातल्या पाच जणांना सोडले, पण चौघांची शिक्षा कायम राहिली.

म्हणून काही गोष्टी घरातल्या सर्वांना, विशेषतः भगिनींना, ठाऊक हव्यात. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो आणि एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद घेतली नाही तर वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, त्यानंतर दंडाधिकाऱ्याकडे जाता येते. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. पोलिसांनी समरी मागितली तरी ती मंजूर करण्याआधी दंडाधिकाऱ्याने फिर्यादीचे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच ठरवून दिले आहे. त्या नोटिशीवर लेखी हरकत घ्यावी. नोटीस समजली नाही म्हणून ती कपाटात ठेवू नये. आरोपी सुटले तर पीडितालाही अपील करता येते. जखमेचा दाखला, पंचनाम्याची प्रत, जळालेल्या मालाची यादी, फोटो आणि तारखा एका फाइलीत जपाव्यात.

कुरआन मजीदमधली सर्वांत मोठी आयत सूरह बकराची २८२ वी आहे. ती व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदारांबद्दल आहे. पुढच्याच आयतीत गवाही लपवणाऱ्याला गुन्हेगार ठरवले आहे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत तर स्वतःच्या आणि आईवडिलांच्या विरोधात जावे लागले तरी इन्साफाची गवाही द्यायला सांगितले आहे. म्हणजे जळालेले दुकान शेजारच्या हिंदू बांधवाचे असेल आणि जाळणारा आपल्या मोहल्ल्यातला असेल, तरीही आपण कोर्टात उभे राहिले पाहिजे. असे झाले तरच आपल्या फिर्यादीला वजन येईल.

सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. तारखेमागून तारीख पडत असताना फाइल हाती घेऊन हजर राहणे, हेही सब्रच आहे.