भौतिकशास्त्रातील पदवी शिक्षण (सालेकसा तालुका)

भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळवलेल्या विज्ञान शाखेच्या पदवीस बी.एस्सी. (भौतिकशास्त्र) म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा हा छत्तीसगडच्या सीमेलगतचा जंगलव्याप्त, आदिवासीबहुल गावे असलेला तालुका राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या (स्थापना १९२३) कार्यक्षेत्रात येतो.

विषयनिवड

पूर्वी या पदवीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित यांसारखे तीन समान दर्जाचे विषय घ्यावे लागत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार त्याऐवजी एक मुख्य व एक गौण विषय अशी रचना आली. तीन वर्षांनंतर पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स पदवी मिळते.

खरा निर्णय मात्र अकरावीतच होतो. वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने गणित सोडून जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास पुढे भौतिकशास्त्र जड जाते, कारण यामिकी, विद्युतचुंबकत्व आणि पुंजयामिकी हे विषय कलनाशिवाय शिकता येत नाहीत. खगोलभौतिकशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील पदवी शिक्षणही गणिताचे होते. पदवीस्तरावर गणित नसल्यास काही नोकऱ्यांची दारे थेट बंद होतात. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या हवाई वाहतूक नियंत्रण विभागातील कनिष्ठ अधिकारी पदासाठी बी.एस्सी.धारकाकडे भौतिकशास्त्र व गणित हे दोन्ही विषय असावे लागतात.

पदवीनंतर

केवळ बी.एस्सी.वर भौतिकशास्त्रज्ञ म्हणून काम मिळणे दुर्मीळ आहे. तरीही भाभा अणुसंशोधन केंद्र विज्ञान पदवीधरांना विद्यावेतनावर प्रशिक्षणार्थी म्हणून घेते, तर भारतीय हवामान विभागातील वैज्ञानिक सहायकांची भरती कर्मचारी निवड आयोगामार्फत झाली आहे. शाळेत शिकवण्यासाठी बी.एड., कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी. व बी.एड., आणि वरिष्ठ महाविद्यालयासाठी एम.एस्सी.नंतर नेट, सेट किंवा पीएच.डी. आवश्यक ठरते. आयआयटीसारख्या संस्थांतील एम.एस्सी. प्रवेश जॅम परीक्षेद्वारे होतो.

वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ हा तुलनेने कमी परिचित मार्ग आहे. कर्करुग्णास द्यावयाच्या किरणोत्साराची मात्रा मोजणे व उपकरणाची अचूकता तपासणे हे त्याचे काम. त्यासाठी एम.एस्सी.नंतर किरणोत्सार भौतिकीची पदविका लागते. जीवशास्त्राच्या ओढीने भौतिकशास्त्र टाळणाऱ्यांना रुग्णालयाचा हा दरवाजा बहुधा ठाऊकच नसतो.

सालेकसा तालुक्यातील परिस्थिती

सालेकसा रेल्वे स्थानक मुंबई–हावडा लोहमार्गावर आमगाव व दरेकसा यांच्या दरम्यान आहे. गोंदियातील धोटे बंधू विज्ञान महाविद्यालयासारख्या संस्थेत शिकताना रोजचा प्रवास करावा लागतो किंवा शहरात खोली घ्यावी लागते. प्रयोगशाळेची सत्रे चुकवून चालत नाही, त्यामुळे कला शाखेच्या तुलनेत हा खर्च टाळणे कठीण असते. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी शासकीय वसतिगृहे आहेत. तेथे प्रवेश न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजनेतून भोजन व निवासासाठी रक्कम दिली जाते. जिल्ह्यातील आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय देवरी येथे आहे.