सृष्टिकाल आणि विश्वस्तवृत्ती

१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर या ‘सृष्टिकाला’त (सृष्टीसाठी प्रार्थना व कृतीचा काळ) अनेक ख्रिस्ती पंथ उपासनेत निसर्गाचे स्मरण करतात, म्हणून ती निसर्गपूजा समजली जाते, वस्तुतः उपासना निर्मात्याचीच असते. बायबलने माणसाला निसर्ग ओरबाडण्याची मुभा दिली, हा समज अधिक घातक आहे, कारण बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात माणसावर बागेची मशागत आणि राखण अशी दोन्ही कामे सोपवलेली आहेत. अल्पवयीन वारसाची शेती सांभाळणारा पालक पीक काढतो, पण जमीन नापीक करत नाही. विश्वस्तवृत्ती (दुसऱ्याची ठेव जपण्याची जबाबदारी) हीच. गोव्यात कोंसाच्या फेस्ताला (नव्या पिकाच्या सणाला) भाताच्या नव्या कणसांना धर्मगुरू आशीर्वाद देतात, तेव्हा या ठेवीबद्दलची कृतज्ञता व्यक्त होते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रकात (धर्मशिकवणीचे पत्र) निसर्गरक्षण ख्रिस्ती जीवनात ऐच्छिक किंवा दुय्यम नसल्याचे स्पष्ट केले आहे.