रोषणाईचा हिशेब

दिवाळीनंतर वीजबिल वाढून आले, की दोष बहुधा आकाशकंदिलाच्या आणि दिव्यांच्या माळांच्या माथी मारला जातो. हा आरोप कितपत खरा आहे, हे सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांनाही साध्या गुणाकार-भागाकाराने तपासता येईल.

बिलातील ‘युनिट’ म्हणजे एक किलोवॅट-तास. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. १०० वॅटच्या दिव्याला तेवढी वीज वापरायला १० तास लागतात. म्हणजेच,

युनिट = वॅट × तास ÷ १०००

विद्यार्थी वॅट आणि युनिट यांत नेहमी गल्लत करतात. नळाची धार आणि बादलीत साठलेले पाणी यांचे उदाहरण येथे उपयोगी पडते. वॅट ही धार, युनिट हे साठलेले पाणी. बारीक धारही रात्रभर चालू राहिली तर बादली भरते.

आता कंदिलाकडे वळू. वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत साधारण १९ दिवस होतात. सोयीसाठी २० धरू. रोज ६ तास म्हणजे एकूण १२० तास. कंदिलात जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब असेल, तर ६० × १२० ÷ १००० = ७.२ युनिट. त्याऐवजी ९ वॅटचा एलईडी दिवा लावला, तर १.०८ युनिट. प्रत्येकी ५ वॅटच्या दोन एलईडी माळांचे १.२ युनिट. एलईडी कंदील आणि माळा मिळून सारी रोषणाई २.२८ युनिटांत होते.

रुपये काढताना मात्र बिलाची एकूण रक्कम युनिटांनी भागू नये. स्थिर आकार कंदील न लावताही द्यावाच लागतो. युनिटांनुसार बदलणारे वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि त्यांवरील वीज शुल्क एवढेच धरावे. शिवाय वीज आकाराचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, आणि जादा युनिट आपल्या वापराच्या शेवटच्या टप्प्यात पडतात. म्हणून त्या टप्प्याचा दर घ्यावा. समजा, हे सर्व मिळून युनिटला १० रुपये पडतात. मग जुन्या बल्बच्या कंदिलाचे ७२ रुपये, तर एलईडी कंदील व माळा यांचे मिळून जेमतेम २३ रुपये होतात.

हाच हिशेब अभ्यंगस्नानाला लावून पाहावा. २० लिटर पाणी २० अंश सेल्सिअसने तापवायला २० × ४.२ × २० = १६८० किलोजूल ऊर्जा लागते. एक युनिट म्हणजे ३६०० किलोजूल. म्हणून एका बादलीला सुमारे ०.४७ युनिट. चौघांच्या चार बादल्यांना जवळजवळ १.९ युनिट! २० दिवसांच्या रोषणाईला लागणाऱ्या विजेपैकी आठ दशांशांहून अधिक वीज एका सकाळच्या गरम पाण्यात जाते. गिझरमधून वाया जाणारी उष्णता यात धरलेलीच नाही.

डोळ्यांत भरणारा प्रकाश स्वस्त, आणि न दिसणारी उष्णता महाग, असा हा प्रकार आहे. तारेचा बल्बही याच कारणाने महाग पडतो: त्याला दिलेल्या ऊर्जेचा बराच मोठा भाग उष्णतेच्या रूपाने निघून जातो.

माळेवर वॅट लिहिलेले नसतील तर? इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा मीटरवर छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मग एका लुकलुकीला ३६,००,००० ÷ ३२०० = ११२५ जूल. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून फक्त माळ लावावी आणि दोन लुकलुकींमधील सेकंद मोजावेत. ११२५ ला त्या सेकंदांनी भागले, की वॅट मिळतात. ६० वॅटच्या बल्बला सुमारे १९ सेकंद येतील, ९ वॅटच्या दिव्याला १२५. विद्यार्थ्यांनी मीटर फक्त पाहावा. त्याला किंवा तारांना हात लावू नये, ही सूचना आधी द्यावी.

सुट्टीच्या गृहपाठात प्रत्येकाने आपल्या घरच्या पाच उपकरणांचे वॅट, रोजचे तास आणि युनिट यांचा तक्ता करावा. त्यापूर्वी, सर्वांत जास्त वीज कोण खाते याचा अंदाज मात्र त्यांच्याकडून आधीच लिहून घ्यावा.