मॅक्सिनमावशी आणि मंगळवार पेठेतली मुलं

नव्या सुनेला विचारा, पहिल्या वर्षी सगळ्यात जड काय गेलं? स्वयंपाक नाही, शेतातलं कामही नाही. बोलणं जड जातं. आपल्या भुईगावच्या आसपास एका घरात कादोडी बोलतात, दुसऱ्या घरात वाडवळी, आणि कोळीवाड्यात गेलं की आणखी निराळं. सगळी मराठीच, तरी सून दोन महिने नुसतं हसून वेळ मारून नेते.

मग जी सातासमुद्रापलीकडून येते, तिचं काय होत असेल? आज अशाच एका बाईंची गोष्ट सांगतो. मॅक्सिन बर्नसन मूळच्या अमेरिकेच्या. 1961 साली त्या भारतात आल्या, मराठी शिकल्या, आणि 1966 मध्ये सातारा जिल्ह्यातल्या फलटणला गेल्या. कशासाठी, तर तिथली माणसं मराठी कशी बोलतात याचा अभ्यास करायला. एकाच गावात वेगवेगळ्या समाजांचं बोलणं कसं बदलतं, हे त्या ऐकत, टिपून घेत. पुढे त्या फलटणलाच राहिल्या आणि 1978 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. लोक त्यांना मॅक्सिनमावशी म्हणू लागले.

आता यातली गंमत म्हणा, नाहीतर दुखणं म्हणा. अमेरिकेची बाई गावाची मावशी झाली. पण त्याच गावातल्या मंगळवार पेठेतली दलित मुलं, ज्यांचे आजे-पणजे तिथलेच, ती शाळेच्या लेखी बाहेरचीच होती. कुणी शाळेत गेलंच नव्हतं, कुणी मध्येच सोडलं होतं. मावशींनी त्यांच्यासाठी वर्ग सुरू केला, नाव ठेवलं ‘आपली शाळा’. या नावातच सगळं आलं, असं आम्हाला वाटतं. 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था निघाली आणि 1986 मध्ये मराठी माध्यमाची शाळा, कमला निंबकर बालभवन. या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, लग्न करून निंबकरांच्या घरी आलेल्या. हात-पाय अधू झालेल्या रुग्णांना रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे शिकवणारं देशातलं पहिलं विद्यालय त्यांनी 1950 मध्ये मुंबईत काढलं. फलटणला परदेशी सुना बऱ्याच लाभल्या म्हणायच्या!

शिकवण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आधी सगळी मुळाक्षरं आणि बाराखडी घोकायची, मग वाचायचं, असं तिथे नाही. थोडीच अक्षरं घ्यायची आणि लगेच त्यांचे शब्द करून वाचायचे. मूल घरी जसं बोलतं तसं त्याला आधी बोलू द्यायचं. पुस्तकातली भाषा हळूहळू येते. पहिल्याच दिवशी ‘हे अशुद्ध’ म्हटलं की मूल गप्प होतं, आणि गप्प बसलेलं मूल पुढे कधी शाळेतून गळतं ते कळतही नाही.

आपल्याकडे पाहू. भात कापून झालं, दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबं वसई तालुक्यात वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात, ती पाऊस लागायच्या सुमाराला परततात. मुलं सोबत असतात. घरात वारली नाहीतर कातकरी बोली. आपण त्यांना ‘भट्टीवरची पोरं’ म्हणतो, नाव कुणी विचारत नाही.

कायदा मात्र त्यांच्या बाजूचा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकता येतं. स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी आहे. जन्माचा दाखला नाही किंवा आधीच्या शाळेचा दाखला आला नाही, म्हणून शाळेला नाही म्हणता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग मिळतो, आणि मागे पडलेल्या मुलाला वेगळं शिकवायची तरतूद आहे. मूल शिक्षण हमी पत्रक घेऊन आलं असेल तर ते शाळेत दाखवावं. नसलं तरी प्रवेश अडत नाही.

तेव्हा दिवाळीनंतर गटातल्या दोघींनी जवळच्या भट्टीवर एक फेरी मारावी. संध्याकाळी जा, दिवसा आईला हातातलं काम सोडता येत नाही. मुलांची नावं आणि वयं लिहून मुख्याध्यापकांना द्या. मूल पहिल्या दिवशी तुमच्याशी बोलणार नाही. त्याच्या आईशेजारी बसा आणि विचारा, तुमच्यात भाकरीला काय म्हणतात?