पोटात फिरवलेले गरम औषध

"गुरुजी, जठराच्या कर्करोगात पोट उघडून आत गरम औषध घालतात म्हणे. भावासाठी ते करायचे, तर शेत विकावे काय?" परवा एका शेजाऱ्यांनी आम्हांला विचारले. आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण वाचून जे समजले ते त्यांना सांगितले. तेच इथे देतो.

जठर म्हणजे अन्नाची पिशवी. तिच्यात गाठ धरते. गाठ वाढत वाढत पिशवीच्या बाहेर आली, की रोगाचे बारीक कण पोटात सांडतात. पोटाच्या पोकळीला आतून पातळ अस्तर असते. त्यावर ते कण रुजतात. शेतातली हरळी खणून काढली, तरी मातीत राहिलेला तुकडा पुन्हा फुटतो ना? तसेच हे बघा. डोळ्यांना दिसते तेवढे सर्जन कापून काढतो. न दिसणारे मागे राहते. शिरेतून दिलेले औषध साऱ्या अंगात जाते, पण या अस्तरापर्यंत थोडेच पोचते.

म्हणून ही युक्ती निघाली. गाठी काढून झाल्या, की रोगी भुलीत असतानाच पोटात नळ्या घालतात. यंत्राने औषधाचे पाणी ४१ ते ४३ अंश सेल्सिअस गरम ठेवतात. ते तासभर, कधी दीड तास पोटात फिरवतात आणि मग काढून घेतात. आपल्या अंगाची ऊब ३७ अंश असते. जास्त उष्णतेने रोगाचे कण दुबळे होतात, औषधही अधिक लागू पडते. मात्र ते दोन-तीन मिलिमीटरच आत मुरते. मोठी गाठ मागे राहिली, तर तिच्यापुढे त्याचे काही चालत नाही.

अमेरिकेत लुइव्हिल शहरी १९७९ साली हे प्रथम झाले. जठराच्या रोगावर जपानी सर्जनांनी ते पुढे पुष्कळ वापरले.

आता गुण किती? जर्मनीत २०१४ ते २०१८ या काळात, अस्तरावर रोग पसरलेले १०५ रोगी निवडले. शिरेतले औषध आणि शस्त्रक्रिया सगळ्यांना ठरवली. निम्म्यांना शिवाय हे गरम औषध. त्यांचा रोग थोडा उशिरा उलटला खरा, पण आयुष्य दोन्हीकडे सारखेच भरले, साधारण पंधरा महिने.

शेजारी गप्प झाले. आम्ही त्यांना कागदावर प्रश्न लिहून दिले. रोग अस्तरावर गेला आहे काय? सगळ्या गाठी निघतील काय? मूत्रपिंडांना हे औषध सोसेल काय? हे न केले तर काय होईल? कागद खिशात घालून ते भावाला घेऊन मुंबईला गेले. शेताचा सौदा अजून केलेला नाही.